गावाला सोबत घेऊन शिक्षणावर संशोधन कसं करायचं: ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या कामावरून

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतली कित्येक गावं निम्मी रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून (मजुरांची टोळी नेणारा ठेकेदार) उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, ते फेडायला पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यावर जावंच लागतं, आणि मग लेकरं एकतर सोबत जातात नाहीतर आजीपाशी राहतात. मार्च-एप्रिलमधे पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की सगळे परत येतात, तोवर शाळेचं वर्ष जवळजवळ संपलेलं असतं.

या विषयावर शोधनिबंध करणारे खूप आहेत. एम.एड. चे विद्यार्थी, समाजकार्य कॉलेजची मुलं, संस्थांचे कार्यकर्ते, पीएचडीवाले. बहुतेकजण फॉर्म घेऊन येतात, भरून घेतात, जातात. गावाला त्यातलं काहीच परत मिळत नाही, आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं, कारण ज्यांच्या लेकरांबद्दल लिहिलंय त्यांनाच काय लिहिलं ते माहीत नसतं. म्हणून गावाला फक्त माहिती देणारा न ठेवता कामातला भागीदार कसं करायचं ते इथे पायरीपायरीने लिहितोय. उदाहरण ऊसतोडीचं घेतलंय कारण मला तेच जवळून माहितीये, पण वीटभट्टी, मासेमारी, मेंढपाळ कुठल्याही गावाला यातलं बरंच लागू पडेल.

आधी वेळ बघा, मग विषय

कॉलेजचं वेळापत्रक बघून फिल्डवर्क ठेवलं तर ते नेमकं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतं, आणि तेव्हा ज्यांच्याशी बोलायचं तेच गावात नसतात. मग आजी, शिक्षक, सरपंच यांच्याशी बोलून रिपोर्ट होतो आणि त्यात आईबापाचा आवाजच नसतो. त्यामुळे सुरुवात मे-जूनला करा. मे मधे माणसं घरी असतात, लग्नसराई असते, संध्याकाळी पारावर बसलेली असतात. जूनला शाळा सुरू होते. जुलै-ऑगस्टमधे शेतीची गडबड असली तरी रात्री बोलता येतं. सप्टेंबरपासून उचलीची बोलणी सुरू होतात, तेव्हा घरोघरी ताण असतो, त्या काळात नवीन काही काढू नका.

ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा असतात, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. यातल्या 1 मे आणि 15 ऑगस्टला तोडणीला जाणारी माणसं गावात असतात, 26 जानेवारीला नसतात. म्हणजे तुमच्या विषयावरचा ठराव जानेवारीत झाला तर तो ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्या गैरहजेरीत झाला.

गावात कुणाला भेटायचं

सरपंच आणि मुख्याध्यापकांना भेटायचंच, तो रीतीचा भाग आहे, पण तिथंच थांबलं तर गाव भेटलं असं होत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 प्रमाणे प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात तीन-चतुर्थांश पालक पाहिजेत आणि निम्म्या महिला पाहिजेत. कागदावर हे असतंच. पण बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरी पाठवून सह्या घेतल्या जातात आणि सदस्य बाईला आपण सदस्य आहोत हेच माहीत नसतं. तुम्ही यादी घ्या आणि प्रत्येक सदस्याच्या घरी जाऊन भेटा. नुसत्या या भेटींतून समिती जागी झाली असं काही गावांत होतं, आणि संशोधनाचा अर्धा फायदा मला तर यातच दिसतो.

मग वस्त्या. गावठाणाबाहेरची वस्ती, तांडा, दलितवस्ती, पारध्यांची पालं असतील तर ती. या वस्त्यांत आधी जा, शेवटी नको. कारण गावठाणात एकदा बैठक झाली की तिथं ठरलेलं सगळ्या गावाने ठरवलं असं धरलं जातं, आणि तोडणीला सगळ्यात जास्त घरं बहुतेक वेळा वस्तीवरूनच जातात.

बायकांची बैठक वेगळी घ्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूद आहेच, ती वापरा, नाहीतर बचत गटाची महिन्याची बैठक असते तिथं शेवटची पंधरा-वीस मिनिटं मागून घ्या.

आणि मुकादम. तो पण गावातलाच, कधी भाऊबंदकीतला, कधी समितीचा अध्यक्षसुद्धा. त्याला टाळू नका, त्याच्याशी नीट, मानाने बोला, कारण कुठली टोळी कुठल्या कारखान्यावर जाणार, किती लेकरं सोबत जाणार हे त्याला सगळ्यात आधी कळतं. पण त्याच्यासमोर उचल घेतलेल्या माणसाला प्रश्न विचारायचे नाहीत. ज्याच्या अंगावर त्याचे पैसे आहेत तो त्याच्यापुढे खरं कसं बोलणार? मुकादम बैठकीत असेल तर त्या दिवशी फक्त शाळेबद्दल बोला, कामाबद्दल नको.

प्रश्न गावासोबत ठरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि लोक हीच गाळतात. विद्यापीठात शीर्षक मंजूर करून यायचं आणि मग गावाला "सहभागी" करायचं याला भागीदारी म्हणता येत नाही. शीर्षक मोकळं ठेवा, गाईडला सांगा की दोन महिन्यांनी पक्कं करतो, आणि ऐकत नसतील तर निदान शीर्षक एवढं रुंद ठेवा की आतला प्रश्न बदलता येईल.

बाहेरचा माणूस साधारण विचारतो की स्थलांतरामुळे मुलांची गैरहजेरी किती आणि का. एका वस्तीवर बायकांसमोर हाच प्रश्न ठेवला तेव्हा एक बाई म्हणाली, "का म्हणजे काय, पोटासाठी जातो, हे तर लहान लेकराला बी माहितीये." मग जरा वेळाने दुसरी म्हणाली, "आम्ही आल्यावर लेकरू वर्गात बसतं पण त्याला काय बी येत नसतं, गुरुजी पुढं गेलेले असतात, मग ते आपलंआपण शाळा सोडतं. ते कुणी बघतंय का?" मग प्रश्न असा झाला की सहा महिन्यांनी परत आलेलं लेकरू वर्गात कुठं बसतं, त्याच्याकडे कोण बघतं आणि जूनपर्यंत त्याचं काय होतं. हा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी कामाचा आहे कारण याच्या उत्तरावर शाळा लगेच काही करू शकते.

यात नवीन काही नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 ला बोर्डीला आणि नंतर कोसबाडला (दोन्ही आत्ताच्या पालघर जिल्ह्यात) काम काढलं तेव्हा आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत हे त्यांना दिसलं, मग मुलांना दोष न देता बालवाडीच पाड्यावर अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलं दिवसभर काय करतात हे आधी बघितलं म्हणून ते सुचलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं तर तुम्ही ऐकलंच असेल, "आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव, तिथं अभ्यासगट ही पद्धत आहे, गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून विषय समजून घेतात आणि निर्णय मात्र ग्रामसभा घेते. अभ्यास आणि निर्णय यांची ही वाटणी मला फार मोलाची वाटते, बाहेरच्याने आपली जागा कुठपर्यंत हे त्यातून शिकावं.

एक पानी बोली

प्रश्न ठरला की साध्या मराठीत एक पान लिहा, हीच आपली बोली, म्हणजे गावाशी केलेला करार. वकिली भाषा नको. त्यात एवढं असू द्या: काम कशासाठी, किती महिने, गावातून कोण कोण काम करणार, त्यांना किती मानधन आणि कधी, जमा झालेली माहिती कुणाकडे राहणार, फोटो काढायचे की नाही, रिपोर्टवर नावं कुणाची, छापायच्या आधी गावाला वाचून दाखवणार की नाही, आणि गावाला मधेच थांबवायचं असेल तर काय. हे शेवटचं लोक लिहीत नाहीत. ज्याला नाही म्हणता येत नाही तो भागीदार नसतो, त्यामुळे ते लिहाच.

हे पान बैठकीत मोठ्याने वाचा, दुरुस्त्या घ्या, आणि मग ग्रामसभेच्या ठरावात आणा. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक तुमच्याकडे. शाळेत जाऊन काम करायचं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी वेगळी लागते, केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्याचे प्रमुख) पण आधी भेटा, ते सोबत असले तर शिक्षकांची भीती बरीच कमी होते. विद्यापीठाची नीतिसमिती असेल तर तिच्या फॉर्मला हे पान जोडा.

मानधनाबद्दल स्पष्ट बोलतो. गावातल्या माणसाचा दिवस बुडतो. तुम्हाला फेलोशिप मिळते, प्रवासभत्ता मिळतो, आणि जी बाई तुमच्यासाठी वस्तीवर फिरते तिला चहा, हे न्यायाचं नाही. निदान शेतमजुरीच्या चालू दराएवढं मानधन बजेटमधे आधीच धरा, आणि पैसे नसतीलच तर पहिल्या बैठकीतच तसं सांगा आणि काम लहान ठेवा.

गावातले संशोधक

चार-पाच जण पुरतात. बारावी झालेली आणि घरी असलेली मुलगी, आधी तोडणीला जाऊन आलेला तरुण, एखादी सासूबाई जिच्याकडे तीन घरांची नातवंडं ठेवलेली असतात. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना सगळं माहिती असतं म्हणून सगळेच त्यांच्याकडे धावतात, पण त्यांच्या डोक्यावर आधीच एवढी रजिस्टरं आहेत की अजून एक देऊ नये, त्यांचा सल्ला घ्या, काम लावू नका. प्रत्येक वस्तीचा माणूस असेल हे बघा आणि निम्म्या तरी बायका ठेवा.

ट्रेनिंग तीन-चार दिवसांचं, सलग नको, संध्याकाळी दोन-दोन तास. मुलाखत कशी घ्यायची हे भाषणाने येत नाही, एकमेकांची घ्यायला लावा. एकाने आई व्हायचं, एकाने विचारायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. उत्तर तोंडात घालणारा प्रश्न लगेच पकडला जातो ("तुम्हाला मुलीला शिकवायचंच आहे ना?" असा). लिहिता न येणाऱ्या आजीबाईंना वगळू नका, त्या बोलतील आणि सोबतची मुलगी लिहील, ही जोडी फार चांगली चालते कारण आजीला लोक खरं सांगतात.

माहिती गोळा करणं

फॉर्मपासून सुरुवात करू नका, नकाशापासून करा. शाळेच्या पटांगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा, रस्ता, ओढा, मंदिर, शाळा, मग एकेक घर. बायका काढायला लागल्या की आपण बाजूला सरकायचं. मग चिंचोके आणि ज्वारीचे दाणे वाटायचे. घरात शाळेच्या वयाचं लेकरू असेल तर एक चिंचोका ठेवायचा, मागच्या हंगामात ते सोबत गेलं असेल तर त्याच्याशेजारी ज्वारीचा दाणा. अर्ध्या-पाऊण तासात सगळ्या गावाला एका नजरेत दिसतं की कुठल्या वस्तीवरचे चिंचोके दाण्यांनी भरलेत. एखादी बाई दुसरीला म्हणते, "अगं तुझी धाकटी राहिली की." ही दुरुस्ती कुठल्याच फॉर्ममधे होत नाही. फोटो काढा, पण मग वहीत पण उतरवून घ्या, रांगोळी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. एक काळजी घ्या, उचल, कर्ज, आजारपण, लग्न लवकर लावणं असल्या गोष्टी या उघड नकाशावर मांडायच्या नाहीत, ते घरात बसून बोलायचं.

दुसऱ्या दिवशी वर्षाचं चक्र. मराठी महिने लिहून घ्या, चैत्र-वैशाख असेच, कारण जुनी माणसं तसंच सांगतात, आणि त्यावर काम, पैसा, सण, आजारपण, शाळेच्या परीक्षा मांडा. शाळेच्या परीक्षा आणि गावाचं काम एकमेकांवर कसं आदळतं ते तिथे आपोआप दिसतं आणि शिक्षक पण त्या चर्चेत मोकळे होतात.

वाचन-गणित तपासायचं असेल तर प्रथम संस्थेच्या असर पाहणीकडून एक गोष्ट जरूर घ्या. 2005 पासून ती घरोघरी जाऊन होते, जिल्ह्यात 30 गावं आणि प्रत्येक गावात 20 घरं अशी निवड असते, आणि तपासणी शाळेत न करता घरात, आईबापाच्या समोर होते. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, बास एवढंच. अंगठा लावणाऱ्या बापालाही समजतं की पोरगी शब्दावर अडकली, परिच्छेदाला पोचली नाही. तुमचं साधन पण असं असू द्या की पालकाला बघून कळेल. कळणारं साधन असेल तर चर्चा होते, नाहीतर तुम्ही टक्के सांगणार आणि ते मान हलवणार.

मूल अडखळत असेल तर हसू नका, पुढं ढकलू नका, शेवटी त्याला येतं ते वाचायला देऊन उठवा. गावातल्या संशोधकांना हे दहादा सांगावं लागतं कारण "एवढं पण येत नाही का" हे आपल्या सगळ्यांच्याच तोंडी बसलेलं असतं.

हजेरीपटाचं काम नाजूक. तोडणीला गेलेलं मूल पटावर हजर दिसण्याचे प्रकार असतात, आणि ते उघड झालं तर शिक्षकावर येतं. तुम्हाला शिक्षकाला पकडायचंय का मुलाला शिकवायचंय हे आधी स्वतःशी ठरवा. मी तरी शिक्षकांना पहिल्याच बैठकीत सांगतो की पट आम्ही तपासत नाही, नकाशावरून आलेली यादी आणि तुमची यादी आपण बसून जुळवू. तशी जुळवाजुळव शिक्षक स्वतःहून करतात.

जमत असेल तर हंगामात एकदा टोळीमागे कारखान्याच्या अड्ड्यावर, म्हणजे तोडणीवाले राहतात तिथं, जा, गावातल्या एकाला सोबत घेऊनच. पहाटे चारला तोडणीला निघालेले आईबाप, कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) धाकट्याला सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी, जवळची शाळा किती लांब, तिथले गुरुजी काय म्हणतात, हे गावात बसून कळत नाही. लेकराकडे शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत घ्यावं म्हणून गावची शाळा देते ते) होतं का, ते दाखवून तिथं शाळेत घेतलं का, परत येताना तिथल्या शिकण्याची नोंद सोबत आली का, एवढे तीन प्रश्न प्रत्येक घरी विचारले तरी खूप हाती लागतं. मागे राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृह शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं, तर ते कधी सुरू झालं (कोयता गेल्यावर किती दिवसांनी), जेवण दोन्ही वेळ मिळालं का, मुली तिथं गेल्या का, हे आजीकडून आणि मुलांकडून वेगवेगळं विचारा.

संमती आणि लेकरांची सुरक्षा

संमतीपत्र हातात देऊन "इथं अंगठा करा" हे करू नका. वाचून दाखवा, मग त्यांनाच विचारा की काय समजलं ते सांगा. मुलाची परवानगी वेगळी घ्यायची, आईने हो म्हटलं तरी मूल नको म्हणालं तर नको.

"तुमचं नाव कुठं येणार नाही" हे सांगणं सोपं आहे, पाळणं अवघड. दोन शिक्षकी शाळेत "एक शिक्षिका म्हणाल्या" एवढं लिहिलं तरी सगळ्या केंद्राला कळतं कोण ते. म्हणून गावाचं नाव छापायचं का हेच गावाला विचारा, आणि लहान गावात माणसाचं वाक्य त्याच्या पदासकट देऊ नका.

आणि हे नीट ऐका: सगळं गुप्त ठेवू असं वचन द्यायचं नाही. लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. मुलांसाठीच्या चाईल्ड हेल्पलाईनचा 1098 नंबर गावातल्या प्रत्येक संशोधकाच्या वहीच्या पहिल्या पानावर पाहिजे, आणि असं काही पुढं आलं तर आधी कुणाला फोन करायचा, मुलीला त्या दिवशी कुठं ठेवायचं हे ट्रेनिंगमधेच बोलून घ्या. बालविवाहाचं पण तसंच, ऐनवेळी गोंधळ होतो आणि ज्या पोरीने सांगितलं तिच्यावरच राग निघतो.

अर्थ लावणं

सगळा डेटा घेऊन पुण्याला येऊन लॅपटॉपवर अर्थ लावला तर भागीदारी तिथंच संपते. थोडं तुम्ही आधी करा, मोजणी, तक्ते वगैरे, ते कुणी अडवणार नाही. पण मग मुख्य वीस-पंचवीस गोष्टी मोठ्या अक्षरात कार्डावर लिहून गावात या. कार्ड जमिनीवर पसरा, वाचून दाखवा आणि विचारा, हे खरं आहे का, कशामुळे आहे, यातलं आपल्या हातातलं कोणतं आणि सरकारच्या हातातलं कोणतं. लोक ढीग करतात. एखादं कार्ड दोन ढिगांत ओढाताण होतं आणि खरी माहिती त्या वादात असते, तो वाद जसाच्या तसा लिहून घ्या.

मतभेद रिपोर्टमधे ठेवा. शिक्षक म्हणतील पालक लक्ष देत नाहीत, पालक म्हणतील आम्ही आल्यावर गुरुजी विचारत नाहीत. दोन्ही लिहा, मधलं काहीतरी गुळगुळीत वाक्य करू नका.

परत देणं

क्रम असा ठेवा: आधी ज्यांनी माहिती दिली त्या वस्त्या, मग महिला सभा, मग शाळा आणि समिती, मग ग्रामसभा, मग गटशिक्षणाधिकारी, आणि सगळ्यात शेवटी परिषद, जर्नल, पेपर. वर्तमानपत्रात आधी आलं आणि गावाला नंतर कळलं असं झालं तर पुढच्या माणसाला त्या गावात कुणी उभं करणार नाही.

गावासाठीचा रिपोर्ट दोन-तीन पानांचा, मोठ्या टायपात, चित्रं असलेला. पाच मिनिटांचा ऑडिओ करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, तो अड्ड्यावर गेलेल्यांपर्यंत पण पोचतो, गावातल्याच कुणाच्या आवाजात केलात तर लोक शेवटपर्यंत ऐकतात.

आता सगळ्यात उपयोगाचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो आणि सरकारी अनुदानाचं नियोजन त्याच्या आधाराने व्हायला पाहिजे. बहुतेक शाळांत तो आराखडा मागच्या वर्षीचा उतरवून होतो. तुमच्या कामातून आलेले मुद्दे समितीच्या भाषेत, समितीच्या हाताने त्यात लिहून घ्या: एप्रिलमधे परतलेल्या मुलांसाठी सकाळचा वेगळा तास, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव सप्टेंबर संपायच्या आत, घर तोडणीला निघायच्या आठवडाभर आधी हमी कार्ड, परतल्यावर प्रत्येक मुलाची वाचन तपासणी. खाली सदस्यांच्या सह्या, ग्रामसभेची नोंद, आणि पोच घेऊन एक प्रत गटसाधन केंद्रात.

पुढच्या हंगामाच्या आधी, ऑगस्टमधे, एकदा परत जा. प्रस्ताव गेला का, कुठं अडला, वसतिगृहाला धान्य कधी येणार, यादीत नवीन लेकरं कोणती. नकाशाची वही, बिन नावाची मोजणी आणि कोरे तपासणी कागद समितीकडे द्या आणि ज्या मुलींनी घरोघर फिरून काम केलं त्यांना अनुभवाचं लेखी प्रमाणपत्र द्या, पुढे नोकरीच्या अर्जाला ते जोडता येतं. ज्यात नावं आणि घरगुती गोष्टी आहेत ते कागद मात्र गावात ठेवायचे नाहीत, ते बोलीत ठरल्याप्रमाणे कुलपात ठेवायचे आणि मुदत संपली की समितीच्या दोन सदस्यांसमोर फाडून जाळायचे.